वरच्या बटणाइतकं

ट्रस्टची नोटीस आली त्या संध्याकाळी डेनिस पार्जिटरनं आजोबांचा वेस्टकोट अंगात चढवून पाहिला. सहा बटणांपैकी एकच लागलं, सगळ्यात वरचं.

"बाबा, पोट आत घ्या," त्याची मुलगी टेसा म्हणाली.

"पोटाचा नियमात उल्लेख नाही," डेनिस म्हणाला.

ते खरं होतं. ब्रॅमवुड उपनगर बटणांच्या पैशांतून उभं राहिलं, आणि ज्यानं ते उभं केलं त्या जोसाया फेनला जगातली बहुतेक मापं बटणांतच सुचायची. दोन घरांमधलं झुडपांचं कुंपण मध्यम उंचीच्या माणसाच्या वेस्टकोटच्या वरच्या बटणापेक्षा उंच नको, म्हणजे शेजाऱ्याला कुंपणावरून गुड मॉर्निंग म्हणता येईल, असा त्याचा नियम. दर जूनमध्ये स्थापनादिनाच्या शनिवारी एक मध्यम उंचीचा माणूस वेस्टकोट घालून बँडच्या पुढे गल्लोगल्ली फिरतो, प्रत्येक कुंपणाशी ताठ उभा राहतो आणि "बटणाइतकं!" असं ओरडतो. मग बँड पुढे सरकतो. पहिला बटणवाला ॲम्ब्रोज टकवेल होता. उपनगराच्या पंचाहत्तराव्या वर्षी, म्हणजे या १९८३ साली, मान त्याच्या नातवाला, डेनिसला, मिळाला होता, आणि नेमक्या याच वर्षी उपनगराचा कारभार पाहणाऱ्या ट्रस्टवर आलेल्या नव्या माणसानं, ओकशॉट त्याचं नाव, बांबू घेऊन चौदा आणि सोळा नंबरमधलं कुंपण मोजलं होतं. बांबू पुरला नव्हता.

चौदा नंबरमध्ये डेनिसची आई विनिफ्रेड राहत होती. सोळामध्ये तिची धाकटी बहीण आयव्ही. ॲम्ब्रोज गेला त्या दिवशी आयव्ही स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी हॅम कापत होती, तेवढ्यात विनिफ्रेडनं दिवाणखान्यातला वडिलांचा बॅरोमीटर, काट्यानं पावसाचा अंदाज सांगणारा, भिंतीवरून काढला आणि कोटाखाली घालून घरी नेला. त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद.

आता कुंपणाचा कायदा असा, की बाजू ज्याची त्याची आणि माथा दोघांचा. माथा कापायचा तर आपसात बोलून ठरवायचं. बोलायचं तर नव्हतं. न विचारता कापणं असभ्यपणाचं झालं असतं. म्हणून दोघी बहिणी एकतीस वर्षं आपापली बाजू भिंतीसारखी सरळ कापत राहिल्या आणि माथा त्यांनी देवावर सोडला. देवानं तो वरच्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत नेला. आधीचे बटणवाले तिथे पोचले की टाचेवर वळायचे आणि समोरच्या घरातल्या गुलाबांची तारीफ करत पुढे जायचे.

नोटिशीत लिहिलं होतं की शेजाऱ्यांचं बोलणं बंद असेल तर फेनसाहेबांच्या नियमाप्रमाणे ट्रस्टला मध्ये पडता येतं. तरी येत्या शनिवारी कुंपण मुळापासून उपटून तिथे तारेची जाळी बसवण्यात येईल. खाली ओकशॉटनं आपुलकीनं जोडलं होतं: जाळीतून छान दिसतं.

*

रविवारच्या जेवणाला रॉझलिंड आली. आयव्हीची ही मुलगी चौदा नंबरच्या उंबऱ्याच्या आत याआधी फक्त एकदाच आली होती, मांजर शोधायला. आईला तिनं टेनिस क्लबला जाते म्हणून सांगितलं होतं. हातात रॅकेट होती, अंगावर जेवायला जायचे कपडे होते. आयव्ही म्हणाली होती, "भाजलेलं मटण असेल तर चरबी काढून खा."

जेवणाच्या खोलीत भर दुपारी दिवा लावलेला होता. खिडकीतून फक्त कुंपण दिसत होतं. सोळा नंबरच्या त्याच खोलीतही दिवा असतो आणि खिडकीतून तेच दिसतं, हे रॉझलिंडला सांगावंसं वाटलं, पण पहिल्याच भेटीत नको म्हणून तिनं वाटाणे वाढून घेतले.

"मावशी, पुदिन्याचा सॉस छान झालाय," ती म्हणाली.

"तुझ्या आईचा पातळ होतो," विनिफ्रेड म्हणाली.

"तुला कसं माहीत, आई?" डेनिसनं विचारलं.

"पूर्वी व्हायचा. माणसं बदलत नाहीत."

डेनिसनं सुरी-काटा खाली ठेवला. गेली वीस वर्षं तो विम्याच्या कचेरीत वाईट बातम्या सांगायचं काम करत होता, आणि त्याला सुरुवात कशी करायची ते माहीत होतं. "आई, रॉझलिंडचं आणि माझं ठरलंय. शनिवारच्या आधी आम्ही दोघं मिळून माथा कापतो. दोन्ही बाजूंनी शिड्या लावू. बटणाइतकं करून टाकू, म्हणजे ट्रस्टची माणसं यायची नाहीत आणि जाळीही नको."

"नाही," विनिफ्रेड म्हणाली.

"उजेड येईल, मावशी," रॉझलिंड म्हणाली. "आमच्याकडे टोमॅटो एकदाही पिकलेले नाहीत. आईनं हिरव्या टोमॅटोचं लोणचं घालायचे सतरा प्रकार काढलेत."

"आवडतं तिला हिरवं लोणचं."

"शिवाय इतकी वर्षं झाली," डेनिस म्हणाला. "तुम्ही दोघी एकमेकींना बघाल. हात हलवाल. कदाचित..."

"मी तिला बघितलंय. मागच्या ईस्टरला निळी टोपी घालून चालली होती. पाठमोरी."

या पाठमोरेपणामागे सगळ्या ब्रॅमवुडची मेहनत होती. विनिफ्रेड चर्चला सकाळी जाते, आयव्ही संध्याकाळी. वाण्याकडे एकीचा मंगळवार, दुसरीचा बुधवार. फुलांच्या प्रदर्शनात सभागृहाची दोन्ही दारं उघडी ठेवतात, आणि एक बहीण पुढच्या दारानं आली की कुणीतरी दुसरीला मागच्या दाराशी भुईकमळं दाखवायला नेतं. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. ब्रॅमवुडमध्ये कुणी काही ठरवत नाही. कुणाला अवघड वाटू नये एवढंच बघतात, आणि त्यात जन्म जातो.

"बॅरोमीटर परत देऊन टाक," डेनिस म्हणाला. "मी नेऊन देतो. एका मिनिटाचं काम आहे."

"परत दिला तर ती मला काय विचारेल?"

विनिफ्रेडनं घाईघाईनं ग्रेव्ही पुढे केली. कुणाला नको होती.

"विचारेल म्हणजे?" रॉझलिंड म्हणाली. "आई तुमच्याशी बोलतच नाही."

टेसा कॉलेजची परीक्षा संपल्यापासून आजीकडे राहायला आली होती. आतापर्यंत ती बटाट्यात लक्ष घालून बसली होती. "बोलतात की," ती म्हणाली. "रोज सकाळी. कपडे वाळत घालताना."

"टेसा," विनिफ्रेड म्हणाली.

"आयव्ही आजी पलीकडून म्हणते, 'आज चादरी बाहेर घालाव्यात की काय कळत नाही बाई.' मग आजी इकडून म्हणते, 'काटा खाली येतोय.' मग ती म्हणते, 'तरीच माझा गुडघा.' मग आजी म्हणते, 'काही लोकांनी गुडघ्याला लोकर बांधावी.' एकदा त्या बेकरीवाल्याच्या बायकोबद्दल पाऊण तास चाललं होतं."

"मी कुणाशीही बोलत नाही," विनिफ्रेड म्हणाली. "मी कुंपणाशी बोलते."

रॉझलिंडला हसू आलं नाही. "आमच्याकडेही आई कुंपणाशीच बोलते," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं वय झालं. मी डॉक्टरांना विचारलं होतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कुंपण उलट बोलायला लागलं तर या."

टेसानं आजीकडे पाहिलं आणि राहिलेलंही सांगून टाकलं. मार्चमध्ये आयव्हीला फ्लू झाला होता. तेव्हा आठवडाभर विनिफ्रेड रोज सकाळी एकच ओला उशीचा अभ्रा घेऊन दोरीपाशी उभी राहायची. तो वाळत घालायची, काढायची, परत पिळायची. शेवटी तिनं दूधवाल्याला थांबवून विचारलं होतं की सोळा नंबरच्या बाटल्या आत जातात का. दूधवाला म्हणाला, जातात. तेव्हा कुठे तिनं अभ्रा दोरीवर सोडला.

"त्या अभ्र्याला डाग होता," विनिफ्रेड म्हणाली. तिनं खिडकीतल्या कुंपणाकडे पाहिलं. "कुंपण कापलं की समोरासमोर येऊ. समोरासमोर आलो की आमचं भांडण आहे. मग गप्प बसावं लागेल. तेवढी लाज आम्हाला दोघींना आहे."

रॉझलिंडनं ताटावर सुरी आडवी ठेवली. "डेनिस," ती म्हणाली, "मी शिडी देणार नाही."

*

सोमवारी डेनिसनं ओकशॉटला कचेरीत गाठलं. तिशीचा, स्वच्छ दाढी केलेला हा माणूस सगळं लक्ष देऊन ऐकायचा आणि ऐकून झाल्यावर काहीच बदलायचा नाही.

"म्हणजे त्या बोलतात," ओकशॉट म्हणाला.

"रोज."

"एकमेकींशी?"

"कुंपणाशी. पण दोन्हीकडून."

"मिस्टर पार्जिटर, मी वकिलांना विचारून सांगतो." त्यानं खरंच फोन लावला. थोडा वेळ ऐकलं आणि ठेवला. "कुंपणाशी केलेलं संभाषण शेजाऱ्याशी केलं असं धरता येत नाही, असं त्यांचं मत आहे. त्यांनी परत फोन करू नका असंही सांगितलंय. नाव घेऊन बोलल्या पाहिजेत. साक्षीदारांसमोर. नाहीतर शनिवारी माणसं येतील. मला वाईट वाटतं."

वाईट त्याला खरंच वाटत होतं. ब्रॅमवुडमध्ये राहायला आल्यापासून त्याला कुणीही जेवायला बोलावलं नव्हतं.

डेनिसनं हे आईला सांगितलं. विनिफ्रेड म्हणाली, "तिनं आधी बोलावं. मी मोठी आहे."

त्याच वेळी पलीकडे रॉझलिंडनं आयव्हीला सांगितलं. आयव्ही लोणच्याच्या बरण्यांची झाकणं घट्ट करत होती. तिच्या बोटांत अजून जोर होता. झाकण तिनं बसवलं की घरातल्या कुणालाही ते उघडता येत नसे.

"तिनं आधी बोलावं," आयव्ही म्हणाली. "चोरी तिनं केलीय."

"आई, जाळी लागली तर तुम्ही रोज सकाळी एकमेकींच्या तोंडाकडे बघत उभ्या राहाल."

"मी कपडे घरात वाळवीन."

"आणि बोलशील कुणाशी?"

आयव्हीनं आणखी एक झाकण पिळलं. "रेडिओ आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "रेडिओला गुडघ्याचं काय कळतंय."

तरीही ती गेली नाही, आणि इकडून कुणी आलं नाही. मंगळवारी बोलणं झालं ते ढगांबद्दल. बुधवारी गोगलगाईंबद्दल. गुरुवारी आयव्ही म्हणाली, "शनिवारी बँड आहे म्हणतात." विनिफ्रेड म्हणाली, "असतो दर वर्षी." दोघी दोरीपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. टेसा वरच्या खिडकीतून बघत होती. कुंपण मध्ये असल्यामुळे तिला फक्त आजी दिसत होती, पण दोरीवर एकही कपडा नव्हता हे दिसत होतं.

शुक्रवारी टेसानं बापाला सुचवलं, की नियमात मध्यम उंचीचा माणूस म्हटलंय, तो कशावर उभा असावा ते म्हटलेलं नाही. शिडीवर चढून बटण माथ्याला टेकवलं आणि "बटणाइतकं" म्हटलं की झालं.

"हे खोटं बोलणं होईल," डेनिस म्हणाला.

"कसं?"

डेनिसनं विचार केला. कसं ते त्याला सापडलं नाही, म्हणून तो जास्तच अस्वस्थ झाला.

*

शनिवारी बँड वळणावर आल्याचं विनिफ्रेडला मागच्या अंगणात ऐकू आलं. ती चिमट्यांची पिशवी गळ्यात अडकवून दोरीपाशी उभी होती. कपडे तिनं मुद्दाम आणले नव्हते. चादरींवर लाकडाचा भुसा उडाला असता.

ओकशॉट बाजूच्या फाटकातून आत आला. मागे करवतीचं यंत्र घेतलेली दोन माणसं, त्यामागे वेस्टकोटातला डेनिस, त्यामागे टेसा, आणि त्यांच्यामागे अर्धी गल्ली. लोक फुलांच्या ताटव्यांवर पाय पडू नये म्हणून एका रांगेत आले आणि गवतावर आल्यावर, आपण बघायला आलो असं दिसू नये म्हणून, घराच्या छपराकडे बघत उभे राहिले. बँड रस्त्यावरच थांबला. ट्रॉम्बोनवाल्यानं वाद्य उलटं करून थुंकी झटकली.

डेनिसनं शिडी कुंपणाला लावली. तो काय करणार ते त्याचं त्यालाही ठरवता आलेलं नाही, हे आईला त्याच्या मानेवरून कळलं. तो एक एक पायरी चढला आणि वर जाऊन थांबला. तिथून दोन्ही अंगणं दिसत असणार. असा माणूस घराण्यात तोच पहिला.

"मिसेस पार्जिटर," ओकशॉट म्हणाला, "एकदा विचारणं माझं काम आहे. आपलं शेजाऱ्यांशी बोलणं आहे ना?"

"माझं सगळ्यांशी बोलणं आहे."

"सोळा नंबरच्या मिसेस आयव्ही स्प्रेक यांच्याशी?"

कुंपणापलीकडे काही हललं नाही. विनिफ्रेडनं चिमट्यांच्या पिशवीत हात घातला. एक चिमटा बाहेर काढला, परत टाकला. बोलायला तोंड उघडलं तर आतून आलं, "आज वारा पश्चिमेचा आहे."

"हे कुणाला म्हणालात?" ओकशॉटनं विचारलं. तो खरंच आशेनं विचारत होता.

"असंच."

त्यानं मान खाली घातली आणि माणसांना खूण केली. यंत्र सुरू झालं. एवढा आवाज विनिफ्रेडच्या अंगणात लढाईतसुद्धा झाला नव्हता. तिनं पलीकडून काही येतंय का म्हणून कान दिला, आणि काहीही ऐकू आलं नाही. दोन पावलांवर आयव्ही उभी होती, ती काही बोलली असती तरी कळलं नसतं, आणि यंत्र बंद झाल्यावर तर ती बोलणारच नव्हती. पहिली फांदी पडली.

"आयव्ही!" विनिफ्रेड ओरडली.

यंत्र थांबलं. गवतावरच्या सगळ्या लोकांनी एकदम पाठ फिरवली. अशा वेळी बघत राहणं बरं नव्हे.

पलीकडे पानं थोडी हलली.

"कोण बोलतंय?" आयव्हीनं शेवटी विचारलं.

"विनी."

"कोण विनी?"

"तुझी बहीण."

"बरं." पलीकडे घसा खाकरला गेला. "काय काम होतं?"

हे आपण एकतीस वर्षांत एकदाही ठरवून ठेवलेलं नाही, हे विनिफ्रेडच्या लक्षात आलं. वर शिडी करकरली. तिनं मान वर केली, आणि डेनिसच्या पलीकडे आभाळात पानांची ती लांब, वेडीवाकडी कड दिसली.

"कुंपणाचा माथा कापायचा म्हणतात," ती म्हणाली. "दोघींनी ठरवायचा असतो. माझं म्हणणं, फूटभर कापावा."

ओकशॉटनं सुटकेचा श्वास सोडला. "उत्तम. मिसेस स्प्रेक, आपली फूटभराला संमती..."

"फूटभर?" आयव्ही म्हणाली. "फूटभर म्हणजे झाडाचा खून झाला. इंचभर."

"इंचानं काय होणार आहे?"

"तुझ्या फुटानं तरी काय होणार आहे? वीस फूट आहे ते."

"म्हणून तर फूट म्हणतेय. इंच कुणाला दिसणार?"

"तुला चष्मा हवाय. तुझा जुना चष्मा अजून तोच आहे ना? रॉझलिंड सांगत होती, काडीला दोरा बांधलाय."

"रॉझलिंड टेनिसला गेली होती."

"मटण खाऊन आली टेनिसला. पुदिना जास्त घालतेस तू."

"तुझा पातळ होतो!"

ओकशॉटनं हात वर केला. "माफ करा. इंच आणि फूट यांच्यामध्ये कुठेतरी, म्हणजे समजा सहा..."

"तुम्ही मध्ये पडू नका," विनिफ्रेड म्हणाली. "आमचं बोलणं चाललंय."

"बोलणं चालू असेल तर ट्रस्टला मध्ये पडता येत नाही," टेसा म्हणाली.

ओकशॉटनं शिडीकडे पाहिलं. डेनिस वरून दोन्हीकडे बघत होता. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मावशी आणि तिच्यामागे रॉझलिंड. त्याचा चेहरा विम्याच्या कचेरीत कधी दिसत नाही असा झाला होता.

"नाव घेऊन बोलल्या," तो म्हणाला. "आणि साक्षीदार आहेत."

साक्षीदार पाठमोरे होते, पण त्यांनी माना हलवल्या.

"हे ठरणार कधी?" ओकशॉटनं विचारलं.

"आम्ही बहिणी आहोत," आयव्ही पलीकडून म्हणाली. "वेळ लागतो."

रस्त्यावर बँडमास्तरनं घड्याळ बघितलं असावं, कारण ढोलावर एक अधीर थाप पडली. अजून तीन गल्ल्या राहिल्या होत्या आणि सभागृहात चहाचं पाणी कधीपासून उकळत होतं. डेनिसनं शिडीवरच पाठ ताठ केली, वेस्टकोटचं वरचं बटण चाचपून पाहिलं, आणि ज्या आवाजात त्याचा आजोबा ओरडायचा त्याच आवाजात ओरडला:

"चर्चेत आहे!"

बँड पुढे सरकला. यंत्रवाली माणसं फांदी उचलून निघाली. लोक आले तसे रांगेनं गेले, आणि जाताना त्यांतल्या एका बाईनं ओकशॉटला विचारलं की चहाला तो एकटाच आहे का.

अंगण मोकळं झालं. विनिफ्रेड तिथेच थांबली. पलीकडेही कुणी आत गेल्याचा आवाज आला नाही.

"आयव्ही?"

"काय?"

"काही नाही. आहेस का पाहिलं."

"जाणार कुठे? तू फुटावरून हलत नाहीस."

"उद्या सकाळी बोलू."

"बोलू. पण मी इंचावरच आहे, सांगून ठेवते."

विनिफ्रेडनं चिमट्यांची पिशवी गळ्यातून काढली आणि घराकडे वळली. चालता चालता तिनं हिशेब केला. उद्या लगेच अकरा इंचांवर यायचं नाही. आधी पाऊण आठवडा फुटावर अडून राहायचं, मग अर्धा इंच सोडायचा. आयव्ही हट्टी होती, ती पाव पाव इंचानं वर येईल. आणि दोघींपैकी कुणी कधी चुकून जवळ आलंच, तर त्या वेड्यावाकड्या माथ्यावर मोजायचं मुळात कुठून हा प्रश्न अजून कुणी काढलेलाच नव्हता.